बी फोकावं तसा निरोप: नेटवर्क आणि रेडिओमधलं ब्रॉडकास्ट पहिल्यापासून

पहिला पाऊस झाला की आमच्याकडे भाजून ठेवलेल्या दाढीत, म्हणजे रोपं करायच्या वाफ्यात, भाताचं बी फोकतात. मूठ भरायची, मनगट झटकून हात फिरवायचा. कुठला दाणा कुठं पडला याचा हिशेब कोणी ठेवत नाही. तीनेक आठवड्यांनी तीच रोपं उपटून चिखलात एकेक चूड हातानं लावायची, ती लावणी. कोकणात वाढलेल्या माणसाला हे दोन्ही हात ठाऊक असतात, आणि नेटवर्कमधली निरोपाची रीत याच दोन हातांवर चालते. 'ब्रॉडकास्ट' हा इंग्रजी शब्दसुद्धा मूळचा शेतातलाच. बी फोकून पेरण्याला तो वापरत. रेडिओ आल्यावर विसाव्या शतकात तो हवेत गेला आणि पुढं कॉम्प्युटरच्या तारांमध्ये आला.

मी दापोली-गुहागर पट्ट्यात होमस्टे, शाळा, सोसायट्यांची ऑफिसं अशा ठिकाणी नेटवर्क जोडायचं काम करतो. हाताखाली शिकायला येणारी मुलं केबल टोचायला दोन दिवसांत शिकतात, पण ब्रॉडकास्टपाशी अडखळतात. आणि हे एक नीट कळलं नाही, तर पुढं वर्षभर बिघाड शोधताना अंदाजानं चाचपडावं लागतं. म्हणून घरच्या राउटरवर करून बघता येईल अशा क्रमानं लिहितोय. जवळ फोन आणि एखादा विंडोजचा लॅपटॉप असला की पुरे.

आधी तीन शब्द

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव ऐकलाय? बोली पुकारणारा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो. हे ब्रॉडकास्ट. सौदा ठरला की घेणारा आणि विकणारा दोघंच बाजूला होऊन पैशांचं बोलतात. हे युनिकास्ट. आणि सुरमई घेणारे चार व्यापारी टोपलीभोवती उभे राहून फक्त सुरमईची बोली ऐकतात, बाकीच्यांचं तिकडं लक्ष नाही. हे मल्टिकास्ट.

यातलं ब्रॉडकास्ट लागतं कशाला? समोरचा कोण आहे, कुठं आहे, हे माहीत नसतं तेव्हा. पत्ता ठाऊक असता तर थेट त्याच्याच दारी गेलो असतो. एवढं मनात पक्कं धरून पुढं या.

पायरी १: वायफायची यादी बघा

फोनवर वायफाय चालू करा. तुमच्या राउटरचं नाव दिसतं, शेजाऱ्याचंही दिसतं. तुम्ही कोणाला काही विचारलेलं नाही, तरी नावं आली कशी? प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण १० वेळा आपलं नाव हवेत सोडत असतो. या लहानशा संदेशाला बीकन म्हणतात. दीपगृहाचं काम असंच चालतं. जयगडचा दिवा वेगळ्या लयीत लुकलुकतो, रत्नागिरीचा वेगळ्या, आणि तांडेल त्या लयीवरून आपण कुठं आहोत ते ओळखतो. दिवा कोणासाठी लागलाय, कोणी पाहिला, हे दिव्याला कळत नाही.

वायफायवरच्या ब्रॉडकास्टला पोचपावतीही नसते. एकट्या फोनला पाठवलेला निरोप पोचला नाही तर राउटर तो पुन्हा पाठवतो. सगळ्यांना पाठवलेला मात्र गेला तो गेला. शिवाय सगळ्यात लांबच्या, सगळ्यात जुन्या फोनलाही ऐकू जावा म्हणून तो सावकाश वेगानं पाठवला जातो. लग्नाच्या हॉलमध्ये शंभर-दीडशे फोन एकाच वायफायवर आले की नेट रखडतं, त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे. हवा सगळ्यांची मिळून एकच, आणि ती या सावकाश निरोपांनी अडून राहते.

पायरी २: फोनला पत्ता मिळताना काय होतं

आता फोन वायफायला जोडा. नवीन फोनला स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला घर नंबर, नसतो आणि पत्ते वाटणारा कोण आहे हेही माहीत नसतं. मग तो ०.०.०.० असा कोरा पत्ता लावून २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर हाक देतो: "इथं कोणी पत्ते देतं का?" ही हाक जोडलेल्या सगळ्यांच्या कानावर पडते. राउटर म्हणतो, हा घे, १९२.१६८.१.२३. फोन पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "मी हा घेतला." पुन्हा सगळ्यांना का? तर दुसऱ्या कोणी पत्ता देऊ केला असेल, तर त्यानं आपला परत घ्यावा म्हणून. राउटर शेवटी 'ठीक' म्हणतो आणि व्यवहार संपतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात.

इथंच नवशिक्यांचा एक नेहमीचा बिघाड आहे. सिग्नल वाढवायला कोणीतरी जुना राउटर आणून तसाच जोडतो. आता पत्ते वाटणारे दोन झाले. हाक दोघांनाही ऐकू येते आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता फोन घेतो. अर्ध्या पाहुण्यांचं नेट चालतं, अर्ध्यांचं नाही, आणि यजमान हैराण. दुसऱ्या राउटरमधलं डीएचसीपी बंद करा, त्याला पहिल्याच्या ओळीतला पण वेगळा पत्ता द्या, आणि केबल त्याच्या लॅन भोकात (आतल्या यंत्रांसाठीच्या) लावा, वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट येतं त्या) नाही.

पायरी ३: हाक डोळ्यांनी बघा

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही कमांड देऊन आपला पत्ता बघून घ्या. मग 'एआरपी', एक जागा सोडून डॅश आणि 'ए' (arp -a), अशी दुसरी कमांड द्या. एक यादी येईल: डावीकडे आयपी पत्ते, उजवीकडे त्या यंत्राचा क्रमांक, ज्याला मॅक पत्ता म्हणतात. तो ४८ बिटांचा, म्हणजे १२ अक्षर-अंकांचा असतो.

ही यादी लॅपटॉपनं विचारून विचारून जमवलेली असते. राउटरशी बोलायचं तर त्याचा आयपी माहीत आहे, पण तारेवर निरोप पोचतो तो मॅक पत्त्यावर. मग लॅपटॉप हाक देतो, "१९२.१६८.१.१ कोण?" ऐकतात सगळे, उत्तर देतो एकच. त्यानं दिलेला मॅक यादीत लिहिला जातो आणि पुढचं बोलणं दोघांपुरतं होतं. १९८२ साली ठरलेली ही पद्धत आजही प्रत्येक घरात, प्रत्येक मिनिटाला चालू आहे.

आता यादीच्या शेवटाकडे बघा. १९२.१६८.१.२५५ असा एक पत्ता असेल आणि त्याच्यासमोर मॅकच्या जागी बाराच्या बारा एफ. हाच सगळ्यांना हाक मारायचा पत्ता. सगळे बिट १ केले की एफ येतो, आणि सगळे एफ म्हणजे 'जो कोणी ऐकतोय तो'. मला पहिल्यांदा ही ओळ दिसली तेव्हा इतके दिवस पुस्तकात वाचलेलं एकदम समोर उभं राहिलं. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी ही ओळ शोधायला लावतो.

त्याच यादीत २२४ नं सुरू होणारे एक-दोन पत्ते दिसतील. ते मल्टिकास्टचे. २२४ पासून २३९ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते त्यासाठीच राखून ठेवलेले आहेत.

पायरी ४: शेवटचा पत्ता काढायला शिका

घरच्या नेटवर्कमध्ये बहुधा पत्त्याचे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे आणि चौथा वेगळा असतो. चौथ्याला ० पासून २५५ पर्यंत २५६ जागा. पहिली, म्हणजे ०, ही नेटवर्कचं नाव म्हणून राखीव. शेवटची, २५५, ब्रॉडकास्टसाठी राखीव. उरल्या २५४, त्या यंत्रांना वाटायच्या.

मोठ्या जागी याचे तुकडे पाडतात. २५६ चे चार तुकडे केले की प्रत्येकी ६४ पत्ते येतात. पहिल्या तुकड्यात ० ते ६३, म्हणजे ब्रॉडकास्ट ६३ वर आणि यंत्रांना १ ते ६२. दुसऱ्यात ६४ ते १२७, ब्रॉडकास्ट १२७ वर. तिसरा आणि चौथा तुम्ही काढा. कागदावर एकदा काढलंत की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

पायरी ५: हाक कुठवर जाते

स्विच (बऱ्याच केबल एकत्र जोडणारा डबा) आणि राउटर यांतला फरक मुलं वेगाच्या भाषेत सांगू लागतात. खरा फरक हाकेत आहे. स्विचच्या एका भोकातून ब्रॉडकास्ट आत आलं की तो ते बाकीच्या सगळ्या भोकांतून बाहेर सोडतो. राउटर सोडत नाही. राउटर म्हणजे वाडीभोवतीचा चिऱ्याचा गडगा. अंगणातली हाक गडग्याच्या आतल्यांनी ऐकायची, पलीकडं काही न्यायचं तर पत्ता लिहून माणूस पाठवायचा. हा गडगा नसता तर जगातल्या प्रत्येक फोनची 'पत्ते कोण देतं' ही हाक तुमच्या फोनला ऐकावी लागली असती आणि इंटरनेट एक दिवस चाललं नसतं.

ब्रॉडकास्टचा खर्च ऐकणाऱ्यावर पडतो. बोलणारा एकदाच बोलतो, पण निरोप आपल्या कामाचा आहे की नाही हे बघायला प्रत्येक यंत्राला थांबावं लागतं. म्हणून कुठलंही काम हाती घेताना स्वतःला विचारा: ही हाक किती जणांच्या कानावर पडणार आहे? ऑफिसची यंत्रं, कॅमेरे आणि पाहुण्यांचे फोन एकाच अंगणात कशाला हवेत? चांगल्या स्विचमध्ये व्हीलॅन पाडून एकाच डब्यात तीन अंगणं करता येतात.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे गाऱ्हाणं घालताना एकजण मागणं मांडतो आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय महाराजा!" देवळात ते ऐकताना अंगावर काटा येतो. नेटवर्कमध्ये मात्र एका हाकेला सगळ्यांनी उत्तर दिलं तर अनर्थ होतो. १९९० च्या दशकात हल्लेखोरांनी नेमकं हेच केलं. मोठ्या नेटवर्कच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर एक पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी विचारणा, टाकायचा आणि पाठवणारा म्हणून भलत्याचाच पत्ता लिहायचा. शेकडो यंत्रांची उत्तरं एकदम त्या बिचाऱ्यावर कोसळत. या हल्ल्याला स्मर्फ हे नाव पडलं. १९९९ मध्ये नियम बदलला: बाहेरून आलेला असा निरोप राउटरनं मुळातच आत सोडायचा नाही. आज तुम्ही २५५ ला पिंग करून बघितलंत तर बहुतेक यंत्रं गप्प राहतील. बिघाड समजू नका, त्यांना तसंच शिकवलेलं आहे.

वादळ, तारेतलं

हा भाग नीट वाचा, कारण हे तुमच्या वाट्याला येणारच.

एका लॉजमधून फोन आला, सगळं नेट बंद. गेलो तर काउंटरवरच्या काकू म्हणाल्या, "अरे, सकाळी झाडलोट केली तेवढीच. एक वायर लोंबत होती, ती मी डब्यात नीट खोचून ठेवली." स्विच बघितला. आठच्या आठ दिवे एकाच लयीत, थांबत नाहीत असे फडफडत होते. लोंबणाऱ्या केबलचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. काकूंनी हे टोकही तिथंच लावलं आणि फेरा पूर्ण झाला.

मग झालं काय? कुठल्यातरी फोननं एक हाक दिली. स्विचनं ती सगळ्या भोकांतून सोडली, त्या केबलमधूनही. ती फिरून दुसऱ्या भोकातून परत आत आली. स्विचला वाटलं नवीन हाक, त्यानं पुन्हा सगळीकडं सोडली. इंटरनेटवरच्या निरोपाला आयुष्य असतं, प्रत्येक राउटरपाशी एकेक कमी होत तो शेवटी मरतो. स्विचमधल्या फ्रेमला, म्हणजे तारेवरच्या निरोपाच्या पाकिटाला, असं आयुष्यच नसतं. ती फिरतच राहते आणि तिच्या जोडीला नवनव्या येत राहतात. काही सेकंदांत खऱ्या कामाला जागा उरत नाही. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

काकूंचा यात काय दोष? भोकं सारखी, केबल सारखी, आणि कुठली कशाची हे आमच्यापैकी कोणी लिहून ठेवलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावतो.

असं झालं तर राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसू नका. स्विचमधल्या केबल एकेक काढत जा आणि प्रत्येक वेळी दिव्यांकडं दोन-चार सेकंद बघा. जी काढल्यावर फडफड थांबते ती गुन्हेगार. कायमचा उपाय १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी शोधला, स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत बोलून फेरा ओळखतात आणि एक वाट आपणहून मिटून ठेवतात. अगदी स्वस्त स्विचमध्ये ही सोय नसते. शाळेच्या कॉम्प्युटर रूमसाठी स्विच घेताना थोडे पैसे जास्त गेले तरी ती असलेलाच घ्या.

पाहुण्यांचा फोन, खोलीतला टीव्ही

"मोबाइलवरचं टीव्हीवर दिसत नाही" ही तक्रार हंगामात रोज येते. फोन टीव्हीला शोधतो तो बहुधा मल्टिकास्टनं, म्हणजे त्या २२४ वाल्या पत्त्यांवर हाक देऊन. गेस्ट वायफायमध्ये पाहुण्यांची यंत्रं एकमेकांपासून तोडलेली असतात आणि ते सुरक्षेसाठी योग्यच आहे. पण मग हाक टीव्हीपर्यंत जात नाही. हे तोडणं सरसकट काढू नका, नाहीतर तीन नंबरच्या खोलीतला माणूस पाच नंबरच्या टीव्हीवर पोचेल. खोलीच्या टीव्हीला एचडीएमआय केबल ठेवून द्या. मला हाच उपाय सगळ्यात टिकाऊ वाटतो.

आयपीच्या नव्या आवृत्तीत, आयपीव्ही६ मध्ये, ब्रॉडकास्ट काढूनच टाकलंय. सगळं मल्टिकास्टवर चालतं, ज्याला गरज त्यानंच ऐकायचं.

रेडिओ, टीव्ही आणि ज्याला आपण 'लाइव्ह' म्हणतो

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला. दोन्ही खरी ब्रॉडकास्ट माध्यमं: ऐकणारे दहा असोत की दहा लाख, पाठवण्याचा खर्च तोच.

एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की आवाज जातो. मिडियम वेव्हच्या लहरी जमिनीलगत वाकत लांब जातात, आणि खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्यामुळे समुद्रावरून तर आणखीच लांब. किनाऱ्यावर दूरचं केंद्र स्पष्ट लागतं ते त्यामुळे. डीटीएचची छत्री जुलैच्या सरीत बंद पडते, कारण त्या लहरी फार आखूड असतात आणि पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. छत्री हलवत बसू नका, सर ओसरू द्या.

पालखीचं यूट्यूबवर लाइव्ह करता त्याला आपण प्रक्षेपण म्हणतो, पण तारेत ते ब्रॉडकास्ट नसतं. प्रत्येक बघणाऱ्याला वेगळी प्रत जाते. ३०० चाकरमानी मुंबईत बघतायत आणि प्रत्येकाला २ एमबीपीएस लागतात, तर एकूण ६०० एमबीपीएस झाले. तो भार यूट्यूबचे सर्व्हर उचलतात, तुमच्या देवळातून एकच प्रत वर जाते. पण तोच देवळाचा कॅमेरा लोकांना थेट तुमच्या लाइनवरून बघायला दिलात, तर पाचव्या-दहाव्या माणसालाच चित्र थांबेल. लाइव्ह करण्याआधी म्हणून अपलोडचा वेग मोजा, डाउनलोडचा नाही.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचंही असंच. हापूसची पेटी विकणारे ती खूप वापरतात. एका यादीत २५६ जण बसतात, प्रत्येकाला स्वतंत्र निरोप जातो आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मिळतच नाही. नवीन गिऱ्हाइकाला आधी नंबर सेव्ह करायला सांगा.

शेवटची पायरी: इशारा

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं आत घुसलं, तेव्हा वीज गेली, टॉवर गेले. माझी सगळी नेटवर्कं आडवी झाली. सेलवरचा रेडिओ तेवढा बोलत होता. तेव्हापासून पावसाळ्याआधी चार गोष्टी तपासतो, तुम्हीही तपासा.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी काढायची नाही, हे सांगायला नको. होडीवरच्या व्हीएचएफ सेटचं चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, सतत चालू असू द्या. तिथं फक्त हाक द्यायची आणि पुढचं बोलायला दुसऱ्या चॅनेलवर जायचं. हर्णैच्या लिलावासारखंच. गप्पांनी १६ अडवलं तर बुडणाऱ्याची हाक दबते.

फोनच्या सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' शोधा आणि चालू ठेवा. २०२३ मध्ये सरकारनं चाचणी घेतली तेव्हा फोन एकदम जोरात वाजले होते, ते सेल ब्रॉडकास्ट. इथं सेल म्हणजे एका टॉवरचा टप्पा. एसएमएस एकेका नंबरला जातो, हजारो पाठवायचे तर रांग लागते. सेल ब्रॉडकास्टला नंबर लागतच नाही. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी निरोप मिळतो, बाहेरगावच्या पाहुण्यालाही. मात्र टॉवर पडला की तोही बंद. म्हणून सेलचा रेडिओ घरात हवा, आणि वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवलेले, नाहीतर खाऱ्या हवेत गंजतात.

आणि या सगळ्यांना कोणी ऐकलं, कोणी नाही, हे कळत नाही. आमच्या वाडीत ज्यांना कमी ऐकू येतं किंवा ज्यांच्याकडे फोन नाही अशी तीन घरं आहेत. त्यांची नावं आणि कोणी जायचं ते एका कागदावर लिहून मी पडवीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. बावटा लागला की आधी तिकडं जातो.